रंगनाथअण्णांची पाहणी

रंगनाथअण्णांना सायकलवर बसता येत असे, चालवताही येत असे. फक्त उतरता येत नसे. अगदीच येत नसे असं नाही. रस्त्याच्या डाव्या अंगाला गुडघाभर उंचीचा एखादा दगड, ओटा किंवा पुलाचा कठडा असला की ते सायकल त्याच्या लगत आणत, डावा पाय त्यावर टेकवत आणि साहेबानं जीपमधून उतरावं तसे रुबाबात खाली येत. दगड नसला तर मात्र ते थांबत नसत. बाजारतळावर कुणी हाक मारली तर "पुढं दगडापाशी ये" असं सांगून निघून जात. ज्याचं खरंच काम असेल तो दगडापर्यंत पळत जाई.

१९७१ साली मी मिरजगावच्या पोस्टात कारकून म्हणून आलो आणि मला अण्णांच्या शेजारची खोली मिळाली. त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, अण्णा पेन्शनीत निघाले होते. उभी हयात त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून काढली होती. साखळी घेतलेले दोन गडी पुढे आणि नकाशाची सुरळी बगलेत मारून अण्णा मागे, असे ते जिल्ह्यातल्या कितीतरी शिवारांतून पायी हिंडले होते. शेतं मोकळी झाल्याशिवाय जमीन मोजता येत नाही, त्यामुळे त्यांच्या कामाचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. बाकीचं जग चैत्र लागला की सावली धरायचं आणि अण्णा घराबाहेर पडायचे. पस्तीस वर्षं हेच चाललेलं. पेन्शनीतल्या पहिल्या चैत्रात ते घरी बसले आणि आठ दिवसांत जिजाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, नकोसं झालं. अण्णांनी घराची लांबीरुंदी काढली, न्हाणीची काढली, परसातल्या तुळशीवृंदावनाचीसुद्धा काढली. मग एका सकाळी माझ्याकडे येऊन त्यांनी सांगितलं, की आपल्या दोघांमधली भिंत चार बोटं तुमच्या बाजूला सरकलेली आहे, यात तुमचा दोष नाही, पण नोंद असावी.

त्यांचा एक पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला होता आणि त्याची जुनी सायकल पडवीत पडून होती. त्या सायकलवर अण्णा अठ्ठावन्नाव्या वर्षी बाजारतळावर शिकले. बाजार नसेल त्या दिवशी तिथं रिकामं मैदान असे. दोनदा पडले, एकदा एका शेळीला धडकले. पडले की उठून आधी कुठं पडलो ती जागा बघून ठेवत. पंधरा दिवसांत त्यांना सायकल आली आणि सोळाव्या दिवसापासून ते रस्त्याला लागले.

त्यांचा थाट पाहण्यासारखा असे. डोक्यावर नोकरीतली खाकी हॅट, खाली खाकी हाफपँट, वर पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात काकूंनी ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा. परत आल्यावर काकू कांदा तपासत. तो सुकला असेल तर ऊन कांद्यानं घेतलं असं समजून त्यांना बरं वाटे. कांदा खिशात नसला तर अण्णांनी तो वाटेत कुणाच्या तरी वस्तीवर भाकरीबरोबर खाल्लेला असे, आणि मग पडवीतून काकूंचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येई. मृग लागला की अण्णा सायकलला तेलपाणी करत आणि ती आढ्याला टांगून ठेवत. पुढच्या चैत्रापर्यंत तिला हात लावत नसत. हिवाळ्यात हवा इतकी छान असते, तेव्हा का नाही जात, असं मी एकदा विचारलं होतं. हिवाळ्यात शेतात पिकं असतात, ते म्हणाले, त्यामुळे जमीन दिसत नाही.

काकूंचा सायकलीला विरोध नव्हता. त्यांचा विरोध होता तो कारण नसताना जाण्याला.

"दळन आनायला जा, मी न्हाई म्हनत न्हाई," त्या मला साक्षीला धरून म्हणाल्या. "पर कुनी इचारलं, मालक कुठं गेलं, तर मी काय सांगू? कुठंच न्हाई म्हनून सांगू?"

हीच अडचण सगळ्या गावाची होती. सकाळी सातच्या सुमाराला अण्णा निघाले की वाटेवरचा प्रत्येक माणूस विचारी, कुठं निघालात? अण्णा खरं ते सांगत, की कुठं नाही, सहज. यावर मिरजगावात कुणाचाही विश्वास बसला नाही. हा मनुष्य रोज दहा-बारा मैल उन्हात जातो आणि सहज जातो, हे पटण्यासारखं नव्हतंच. काही म्हणाले, अण्णांनी कुठं तरी गुपचूप जमीन घेतली आहे. काही म्हणाले, सरकारनं त्यांना पेन्शनीचं नाव करून आतल्या कामाला लावलं आहे. शेवटी अण्णांनीच तोड काढली. कुणी विचारलं की ते "पाहणीला" असं सांगू लागले. कशाच्या पाहणीला हे एकानंही विचारलं नाही. शब्द सरकारी होता, सगळ्यांचं समाधान झालं, काकूंचंही झालं. उलट माणूस पाहणीला जातोच आहे म्हणून गाव त्यांच्याकडे निरोप देऊ लागलं. अमक्या वस्तीवर सांगा की म्हैस व्याली, तमक्याला सांगा की सोमवारी पाहुणे येणार आहेत. एकदा तर त्यांच्या कॅरियरला पाय बांधलेली कोंबडी होती आणि ती सगळा रस्ताभर ओरडत होती. अण्णा मला म्हणाले, मी घंटी वाजवायची सोडून दिली, गरजच पडली नाही.

या पाहणीनं पहिल्याच उन्हाळ्यात एक निकाल लावला, तो मी डोळ्यांनी पाहिला. गावापासून दोन मैलांवर कर्जतच्या रस्त्याला धोंडीबा आणि केरू या दोन भावांची शेतं होती. मधल्या बांधावरून त्यांचं कित्येक वर्षांचं वाकडं. रस्त्याकडच्या अंगाला धोंडीबानं बांध कोरत कोरत केरूच्या रानात ढकलला होता आणि ओढ्याकडच्या अंगाला केरूनं तो धोंडीबाच्या रानात ढकलला होता, त्यामुळे तो बांध पार नागमोडी झाला होता. त्या बांधाच्या तोंडाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, हद्दीचा दगड होता. तो नेमका गुडघाभर उंचीचा आणि डाव्या हाताला होता.

अण्णा रोज सकाळी त्या दगडावर पाय टेकून उतरत, टॉवेलनं मान पुसत आणि दगडाशी उभे राहून समोर बघत. ओढ्याकाठी एक मोठा कडुलिंब होता, त्याच्याकडे बघून त्यांना गार वाटे. बघता बघता बोटांवर काही तरी मोजत. पाच-सात मिनिटांनी पुन्हा दगडावर चढून सायकलवर बसत आणि जात.

आठवडा गेला आणि धोंडीबा पोस्टात आला. काही नोटीस-बिटीस आली आहे का आमच्या नावाची, म्हणून त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मंग अण्णा रोज हद्दीवर पाय ठिऊन काय मोजत्यात?"

मी संध्याकाळी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, श्वास. शंभर मोजून झाले की छाती जाग्यावर येते, मग पुढं निघतो. मी हे जसंच्या तसं धोंडीबाला सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की सरकारी माणसं एकमेकांना सांभाळून घेणारच, हे आपल्याला कळतं. दुसऱ्या दिवशी केरू आला. त्यानंही नोटिशीबद्दलच विचारलं. त्याचा समज होता की अण्णांना धोंडीबानं आणलं आहे, आणि धोंडीबाचा समज होता की केरूनं आणलं आहे.

पुढच्या चार-पाच दिवसांत काय झालं ते दोघांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. धोंडीबानं रस्त्याकडचा आपला बांध मागे घेतला, केरूनं ओढ्याकडचा घेतला. एक दिवस अण्णा घरी आले ते चक्रावूनच.

"सदरहू बांध आपोआप सरळ झाला," ते मला म्हणाले. "पस्तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही."

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं होतं ते हसतील. ते गंभीर झाले. मोजणी नाही, नकाशा नाही, पंच नाहीत, आणि निकाल? हे बेकायदेशीर आहे, ते म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी त्या दगडावर पाय ठेवला नाही. पुढे दुसरा दगड थेट ओढ्याच्या पुलाजवळ होता, तिथपर्यंत धापा टाकत जात.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतलं ते खर्ड्याला जायचं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन खर्ड्याला दिलेली होती. एका रात्री जामखेडला जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी खर्डा गाठायचा, असा बेत. काकू नको म्हणाल्या, मी नको म्हणालो. वाटेत कुठं कुठं दगड आहेत याचा त्यांनी आठवून एक कागद केला आणि ते निघाले.

पुढचं मी थोडं अण्णांकडून, थोडं त्यांचे व्याही बापूराव यांच्याकडून ऐकलेलं आहे.

वैशाखातल्या ऐन दुपारी बापूरावांच्या दारात अण्णांची सायकल आली. ओटा होता, म्हणून ते व्यवस्थित उतरले. पण घशाला अशी कोरड पडली होती की तोंडातून शब्द निघेना. सुमन दारात आली. घामानं निथळणारा, तोंड काळवंडलेला, बोलू न शकणारा बाप तिनं पाहिला. अशा वेळी अशा उन्हात न कळवता आलेला माणूस एकच बातमी घेऊन येतो, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. अण्णांनी पाण्यासाठी हात वर केला. तिला वाटलं, सगळं संपलं असं सांगताहेत. तिनं "आई" म्हणून हंबरडा फोडला आणि खाली बसली. आतून सासू धावली, शेजारच्या बाया धावल्या, आणि वाड्यात रडारड सुरू झाली.

अण्णा चकित झाले. त्यांना वाटलं, या घरात कुणी तरी गेलं आहे आणि आपण नेमके आजच येऊन पोचलो. रीत म्हणून त्यांनी हॅट काढली आणि मान खाली घालून ओट्यावर बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं पाहून उरलेल्यांचीही खात्री पटली. बापूराव शेजारी येऊन बसले. त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं व्याही एकमेकांचं सांत्वन करत पाव तास बसले.

"कवा झालं?" बापूरावांनी अखेर विचारलं.

"मला काय माहीत?" अण्णा म्हणाले. "मी तर आत्ता येतोय."

"मंग इहीनबाई गेल्या कशानं?"

"कुठं गेल्या? मी निघालो तेव्हा भाकरी थापत होत्या."

बापूरावांनी विचारलं, की असं आहे तर तुम्ही आलात कशाला. अण्णांनी जे सांगायला नको होतं तेच सांगितलं. सहज.

एवढ्यावर भागलं नाही. रडारड ऐकून बापूरावांचे दोन भाऊबंद पुढचं काही न ऐकता दुपारच्या गाडीनं निघाले होते, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजगावात पोचले. मी पोस्टात जायला निघालो होतो. काकू दारात कुरडया वाळत घालून कावळ्यांसाठी काठी घेऊन बसल्या होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले ते दोघं खाली मान घालून आले आणि त्यांनी रंगनाथरावांचं घर हेच का म्हणून विचारलं. सुमनच्या लग्नानंतर त्यांनी काकूंना पाहिलेलं नव्हतं.

"व्हय, हेच," काकू म्हणाल्या.

"कवा नेलं?"

"कुनाला?"

"जिजाबाईस्नी."

काकूंनी दोघांकडे नीट बघून घेतलं. अण्णा परवाच खर्ड्याला निघाले होते, त्यामुळे काय झालं असेल याचा त्यांना बहुतेक अंदाज आला असावा.

"अजून न्हाई नेलं," त्या म्हणाल्या. "बसा, च्या करते."

अण्णा तीन दिवसांनी परत आले, ते सायकल गाडीच्या टपावर टाकून. बापूरावांनी तशी अटच घातली होती. काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर कायदा केला, की यापुढं गावाच्या शिवाराबाहेर पाऊल टाकायचं असेल तर आधी कार्ड टाकायचं. अण्णांनी तो पाळला. ती कार्डं माझ्या हातूनच जात. मजकूर एकच असे: "खाली सही करणार इसम सहज येत असून घरी सर्व हयात आहेत."

तिसरा उन्हाळा त्र्याहत्तरचा. ओळीनं दोन वर्षं पाऊस गेलेला, विहिरी तळाला लागलेल्या. ऊस तोडायला गेलेली माणसं परत आली ती रस्त्याच्या कामावर बसली. अण्णांच्या नेहमीच्या रस्त्यावरच दुष्काळी काम निघालं होतं. बाया-माणसं दोन्ही अंगांना बसून खडी फोडत होती. चैत्र लागला तशी अण्णांनी सायकल काढली, चार दिवस गेले, पाचव्या दिवशी तेलपाणी करून आढ्याला टांगली.

बरं नाही का, म्हणून मी विचारायला गेलो. ते पडवीत बसले होते.

"ती माणसं पोटासाठी उन्हात बसलीत," ते म्हणाले. "आणि मी हॅट घालून त्यांच्यापुढनं वारा खात जायचं. बरं दिसत नाही ते."

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. नवऱ्यानं उगाच उन्हात जाऊ नये म्हणून दोन वर्षं भांडलेली बाई, पण त्या दिवशी तिला त्याचं घरात बसणं बघवत नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस अण्णांनी काहीही मोजलं नाही. कांदे टोपलीत तसेच पडून राहिले.

मग एके दिवशी त्या कामावरची सखूबाई पोस्टात आली. तिला भावाला पत्र लिहून हवं होतं. ते लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "ते टोपीवालं अण्णा मेलं का काय?"

मी म्हटलं, नाही, चांगले आहेत, पण का?

तिनं सांगितलं ते असं. कामावर घड्याळ एकट्या मुकादमाच्या मनगटावर होतं आणि न्याहारीची सुट्टी नवाला असायची. पण त्या घड्याळात नऊ काही केल्या वाजत नसत. अण्णा सकाळी सातला जाताना दिसत आणि नवाला परतताना. दोन-तीन दिवसांत बायांच्या ते ध्यानात आलं. परतणाऱ्या अण्णांची हॅट दिसली की त्या हातोडे खाली ठेवून सरळ भाकरी सोडायला लागल्या. मुकादमही काही बोलला नाही, कारण सरकारी हॅट होती. आता हॅट नाही तर न्याहारी पार उन्हं चढेपर्यंत लांबते.

मी तिला तसंच अण्णांकडे घेऊन गेलो. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. अण्णा ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की मी नक्की किती वाजता दिसतो. ती म्हणाली, ते आमी कसं सांगावं, तुमी दिसला म्हंजी नऊ. ती गेल्यावर अण्णांनी सायकल खाली घेतली आणि काकूंनी, कुणी न सांगता, पंप आणून दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा नवाच्या ठोक्याला त्या कामावरून परतले. तिसऱ्या दिवशीही. पण ऊन वाढत होतं, आणि पुढच्या आठवड्यात ते पावणेनवाला परतू लागले. वैशाख संपता संपता साडेआठ. शेजारच्या भिंतीतल्या चार बोटांची नोंद ठेवणारा हा माणूस, आणि त्याच्या घड्याळात साडेआठलाच नऊ वाजायला लागले. एकदा मुकादमानं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. जवळपास दगड नव्हता, सगळे दगड फुटलेले होते, त्यामुळे अण्णा थांबले नाहीत आणि मुकादमाला सायकलीबरोबर पळावं लागलं. पळता पळता तो म्हणाला, अण्णा, तुमचं घड्याळ फुडं चाललंय. अण्णा म्हणाले, उन्हाळ्यात ते असंच चालतं, मोजणी खात्यात पस्तीस वर्षं असंच आहे.

असं काही मोजणी खात्यात नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलंही.

"नोकरीत कुणाला बोटभर जमीन जास्त दिली नाही," ते म्हणाले. "आता पेन्शनीत आहे."

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात माझी शेवगावला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी जेवायला अण्णांकडेच होतो. काकूंनी बरोबर कुरडया बांधून दिल्या. अण्णांनी शेवगावची पेठ कशी आहे, कुठल्या गल्लीत सावली असते, हे सविस्तर सांगितलं आणि लवकर झोपायला गेले. सकाळच्या कार्यक्रमात माझ्या बदलीनं खंड पडू नये असं त्यांच्या मनात असावं.

सकाळची गाडी धरून मी निघालो. गावाबाहेर नगरच्या दिशेला एक चढ आहे. त्याच्या माथ्यावर एका माणसानं हात केला आणि गाडी थांबली. त्याच्याबरोबर दोन शेळ्या होत्या. शेळ्या आत घ्यायच्या की टपावर यावर कंडक्टरचं आणि त्याचं बोलणं सुरू झालं आणि ते लांबत गेलं. मी खिडकीतून मागे पाहिलं तर चढावरून अण्णा येत होते. पेडलवर उभे राहून, एकेक पाय जोर लावून खाली दाबत. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. माझ्या खिडकीवरून ते गेले तेव्हा तोंड उघडं होतं आणि डोळे रस्त्यावर होते. मी हाक मारली नाही.

माथा ओलांडल्यावर पुढे लांबच लांब उतार होता. अण्णांनी दोन्ही पाय पेडलवरून काढले आणि दोन बाजूंना सरळ ताठ केले. सायकल सुटली. एका हातानं हॅट धरलेली, आणि अण्णा गात होते. काय गात होते ते इतक्या अंतरावरून कळलं नाही, चाल तर मुळीच नव्हती, पण आवाज खडा होता. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण मी त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. शेळ्यावाला आणि कंडक्टर दोघंही भांडण थांबवून तिकडे बघू लागले. उताराच्या पायथ्याशी अण्णा एका गाडीवाटेला वळले. बाभळींच्या वरून थोडा वेळ हॅट पळताना दिसली. मग कंडक्टरनं घंटी मारली, शेळ्या आत आल्या, आणि एक माझ्या पायाशी बसली.